डाव्या हातानं दार उघडा

आमच्या घरी एक मोटार आहे आणि एक स्कूटर. रायपुरात चौबे कॉलनीपासून शंकरनगरपर्यंत कुठल्याही मराठी घराच्या फाटकातून डोकावून पाहा, साधारण हेच दिसेल. भाजी आणायची, बँकेत जायचं, महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम आहे, तर स्कूटर. पाऊस असला, पाहुणे असले, स्टेशनवर जायचं असलं की मोटार. म्हणजे रस्त्यावर ज्या दोन जमातींचं हाडवैर आहे असं आपण धरून चालतो, त्या दोघींच्या किल्ल्या घरात एकाच खुंटीला टांगलेल्या असतात. मी स्कूटरवर असले की पुटपुटते, ‘या गाडीवाल्यांना रस्ता काय आंदण दिलाय?’ आणि त्याच संध्याकाळी मोटारीत बसले की तेच तोंड म्हणतं, ‘ही स्कूटरवाली मंडळी कुठून घुसतील, नेम नाही!’ दोन्ही वेळा मी खरंच बोलत असते, ही खरी पंचाईत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तात्यापाऱ्याकडून शारदा चौकाकडे चालले होते. जी. ई. रोड तिथे गळा आवळल्यासारखा अरुंद होतो, हे रायपूरकरांना सांगायला नको. तो तुकडा रुंद होणार हे ऐकत आमची एक पिढी म्हातारी झाली. डाव्या अंगाला दुकानांसमोर गाड्या लावलेल्या. माझा वेग म्हणाल तर वीस-बावीस. एवढ्या वेगात कोण पडतं, असं मलाही वाटायचं. एका उभ्या गाडीचं उजवं दार उघडलं, त्याची कड माझ्या हँडलला लागली, आणि पुढचं मला आठवतं ते रस्त्याच्या उंचीवरून दिसणारं ऑटोचं चाक. ऑटोवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला. कापडाच्या दुकानातून एक पोरगा धावत आला. ‘जादा तो नइ लागिस दीदी?’ म्हणत त्यानं मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं, स्कूटर उचलून कडेला लावली. खांद्याजवळचं हाड, ज्याला कॉलर बोन म्हणतात, ते मोडलं होतं. हेल्मेटवर उजव्या कानाच्या वर बोटभर लांब चरा पडला होता. तो चरा हेल्मेट नसतं तर कुठे पडला असता, यावर मी सहसा विचार करत नाही.

दार उघडणारे गृहस्थ काही मवाली नव्हते. पंचावन्न-साठीचे, हातात औषधाची चिठ्ठी, चेहरा पांढराफटक. पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, ‘मॅडम, आप दिखे ही नहीं.’

हात गळ्यात बांधून सहा आठवडे घरी बसले, तेव्हा हे वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आधी राग यायचा. मग लक्षात आलं की माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांना मी दिसलेच नव्हते. आणि मीही त्या उभ्या गाड्यांच्या रांगेला इतकी खेटून चालले होते की कुणीही दार उघडलं असतं तरी तेच झालं असतं. तेव्हापासून मला असं वाटत आलं आहे की रस्त्यावरचे निम्मे नियम शेवटी दोनच गोष्टींसाठी आहेत: आपण पुढच्याला दिसलो पाहिजे, आणि आपण आता काय करणार आहोत हे त्याला कळलं पाहिजे. बाकी दंड, चलान, कॅमेरे हे त्याच्यामागून येतं.

त्या दाराचं आधी सांगून टाकते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि दार वाहत्या रस्त्याच्या बाजूला उघडतं. उजवा हात दाराजवळच असतो, म्हणून आपण त्याच हातानं कडी ओढतो आणि मान वळवायची गरजच पडत नाही. हेच दार डाव्या हातानं उघडून पाहा. हात छातीवरून पलीकडे न्यावा लागतो, त्याबरोबर खांदा वळतो, मान वळते, आणि नजर आपोआप आरशावर आणि मागच्या रस्त्यावर जाते. नेदरलँड्समध्ये, जिथे सायकली अमाप, तिथे ही सवय मुद्दाम लावतात. त्यांच्याकडे चालक डावीकडे बसतो म्हणून ते उजवा हात वापरतात, एवढाच फरक. मागच्या सीटवर उजवीकडे बसणाऱ्यालाही हेच लागू. आमच्या घरी नातवंडांना मी आता सांगून ठेवलंय की आजोबांनी डाव्या हातानं दार उघडलं नाही तर ओरडायचं. ती आनंदानं ओरडतात. आणि स्कूटरवाल्यांनो, उभ्या गाडीपासून एका उघड्या दाराइतकं अंतर सोडा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

‘दिसलं नाही’ हा बहाणा वाटतो, पण त्याच्यामागे डोळ्यांचं शास्त्र आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला हॅरी हर्ट नावाच्या संशोधकानं मोटरसायकलींच्या नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्याचा अहवाल १९८१ मध्ये आला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांशांत दुसऱ्या वाहनाच्या चालकानं मोटरसायकलवाल्याचा हक्काचा रस्ता अडवला होता, आणि बहुतेकांचं म्हणणं तेच, आधी दिसलाच नाही. दुचाकी समोरून पाहिली तर अंगानं अगदी अरुंद. आपला डोळा अंतराचा आणि वेगाचा अंदाज वस्तू किती झपाट्यानं मोठी होत जाते यावरून बांधतो. ट्रक लांबूनच मोठा होताना दिसतो. मोटरसायकल बराच वेळ ठिपक्याएवढी राहते आणि मग एकदम अंगावर येते. म्हणून वळताना मोटारवाल्याला वाटतं, अजून वेळ आहे. वेळ नसतो.

याच्यावरचा एक साधा उपाय आपल्या सरकारनं २०१७ च्या एप्रिलपासून केला. तेव्हापासूनच्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू झालं की आपोआप लागतो आणि बंद करता येत नाही. पण रायपूरकरांच्या परोपकारी स्वभावाला हे अजून पटलेलं नाही. भर दुपारी समोरून येणारा माणूस बोटं उघडमीट करून दाखवतो, सिग्नलवर शेजारचा सांगतो, ‘भैया, लाइट जल रही है.’ बरं वाटतं. पण तो दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसून आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून आहे. आता जुन्या गाडीवाल्यांनीही तो दिवसा लावायला हरकत नाही.

आता दुचाकीवाल्यांना, म्हणजे आठवड्यातल्या पाच दिवसांच्या मलाच, थोडं सांगते.

आरसे. नवी गाडी घेतली की काही मुलं आधी आरसे काढून टाकतात, कारण त्यामुळे गाडी देखणी दिसते म्हणे. ज्यांच्या गाडीला आहेत त्यातल्या निम्म्यांचे आरसे आत वळवलेले, स्कार्फ नीट बसलाय का हे पाहण्यासाठी. मागून ट्रक येतोय हे कानानं कळेल असं वाटत असेल, तर त्या कानात गाणी चालू असतात. डावीकडे-उजवीकडे सरकायचं असेल तर आधी आरसा, मग इंडिकेटर, मग क्षणभर मान वळवून एक नजर, आणि मगच हँडल. हा क्रम उलटा झाला की मागच्याला आपण काय करणार हे कळायच्या आत आपण ते करून बसलेलो असतो. आणि वळून झाल्यावर इंडिकेटर बंद करा हो. आमापाऱ्यापासून जयस्तंभापर्यंत उजवा इंडिकेटर लुकलुकवत सरळ जाणारी माणसं मी रोज पाहते. त्यांच्यावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा मागच्या मोटारवाल्याला रोजचा जुगार.

ट्रकच्या डाव्या बाजूचं मात्र हात जोडून सांगते. आपल्या शहराला उरला-सिलतऱ्याचे कारखाने आहेत, रिंग रोड आहे, टाटीबंधला दुर्ग-भिलाईकडून येणारा सगळा माल उतरतो. उड्डाणपूल झाला तरी त्याच्याखालून वळणारे ट्रक आहेतच. सिग्नलला ट्रक आणि पदपथ यांच्यामध्ये एक फट असते, आणि ती फट म्हणजे जणू आपल्यासाठी राखून ठेवलेली जागा, असं दुचाकीवाल्याला वाटतं. केबिनमध्ये उंचावर बसलेल्या चालकाला त्या फटीत उभा असलेला माणूस दिसत नाही. ट्रक डावीकडे वळतो तेव्हा पुढची चाकं लांबून वळतात आणि मागची आतून कापत येतात, थेट त्या फटीवरून. ट्रकचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्ही त्याच्या चालकाला दिसत नाही, हे पक्कं धरून चाला. त्याच्या मागे थांबा. हिरव्या दिव्यानंतर पाच सेकंद उशीर होईल. घरी कुणाला कळणारही नाही.

रॉंग साइडचं काय सांगावं. दुभाजक लांबपर्यंत आहे, यू-टर्न पुढच्या चौकात, म्हणून ‘इथल्या इथे तर जायचंय’ म्हणत आपण उलटे शिरतो. मीही शिरले आहे. लाज वाटते सांगायला, पण शिरले आहे. उलट्या बाजूनं येणारा माणूस गल्लीतून बाहेर पडणाऱ्या मोटारवाल्याला दिसत नाही, कारण तो ज्या बाजूनं वाहनं येणार त्याच बाजूला पाहत असतो. त्यानं नियम पाळला, म्हणूनच त्याला आपण दिसलो नाही.

हेल्मेटवर मराठी माणसाशी बोलणं म्हणजे आगीत हात. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक चक्क मोर्चा घेऊन निघाले होते. आमच्या तिथल्या नातेवाइकांशी मी तो विषय अजून काढत नाही. आपल्या रायपुरात कुणी मोर्चा काढत नाही, आपण हेल्मेट हँडलला अडकवतो, कोपराला अडकवतो, पायाशी ठेवतो आणि पोलीस दिसला की टोपीसारखं डोक्यावर ठेवतो. २०२५ च्या सप्टेंबरपासून पंपांवर ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ असं ठरलं, तेव्हा रांगेतल्या मागच्या माणसाकडून दोन मिनिटांसाठी हेल्मेट उसनं घेणारा एक तरुण मी पाहिला. पेट्रोल भरलं, ‘थँक्यू अंकल’ म्हणून परत दिलं, आणि गेला. बुद्धी तल्लख आहे. ती ज्या पेटीत आहे ती उघडी ठेवून हिंडतो, एवढंच.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून सिनेमातून माहीत असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटरसायकलच्या अपघातातच गेले. रस्त्याला खोलगट उतार होता, त्यात दोन मुलं सायकलवरून जात होती, ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसली नाहीत. त्यांना वाचवायला लॉरेन्सनी गाडी वळवली आणि ते फेकले गेले. डोक्याला मार लागून सहा दिवसांनी वारले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मरण त्यांच्या मनातून गेलं नाही. सैन्यात निरोप पोचवणाऱ्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास केला, १९४१ मध्ये निबंध छापला, आणि हेल्मेटला शास्त्राचा आधार मिळाला. तेव्हापासून जगभर जेवढे अभ्यास झाले ते एकत्र चाळले तर हिशेब साधारण असा निघतो: हेल्मेटमुळे मरण्याचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आणि या पन्नास हजारांत १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते.

हा शेवटचा आकडा मला झोंबतो, कारण ते दृश्य आपल्या घरातलं आहे. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, बायकोच्या डोक्यावर पदर, मधे मूल. चलान ज्याच्या नावानं फाटतं त्याचं डोकं झाकलेलं, बाकीच्यांचं देवावर. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद करत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवंच, नसेल तर एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबित होऊ शकतं. चार वर्षांखालच्या मुलालाही आता पट्ट्यानं चालकाशी बांधायचं, ते नऊ महिन्यांच्या पुढचं असेल तर त्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं आणि वेग ४० च्या आत ठेवायचा, असा नियम आहे. बायकांना एक जादा सूचना: साडी किंवा ओढणी मागच्या चाकाकडे लोंबत नाही ना, हे बसल्यावर हातानं चाचपून बघा. चाकावरची जाळी त्यासाठीच असते, ती खुळखुळते म्हणून मेकॅनिककडून काढून घेऊ नका.

‘नौतप्यात हेल्मेट? डोकं शिजतं!’ हे मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि पंचेचाळीस अंशांत ते खोटंही नाही. पण त्याच उन्हात आपण तोंडाला दोन-दोन मीटरचे स्कार्फ गुंडाळतोच ना! स्कार्फ आत, पातळ सुती, आणि वर हेल्मेट. आयएसआय खूण बघून घ्या, रस्त्याच्या कडेला ढिगातलं नको. डोक्याला घट्ट बसलं पाहिजे. मान हलवली की ते वेगळं हलता कामा नये. हनुवटीखालच्या पट्ट्याचा टक् असा आवाज आला पाहिजे, नाहीतर पडताना आधी हेल्मेट जाणार आणि मग आपण. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. माझं चरा पडलेलं हेल्मेट मी कपाटावर ठेवलंय. घालत नाही, दाखवते.

मुलांच्या हातात गाडी देणाऱ्या आईबापांशी माझं भांडणच आहे. ‘सोळा पूर्ण झाली, बिनगिअरची चालते’ हे वाक्य दर ट्यूशन क्लासच्या बाहेर ऐकू येतं. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमच्या दारातली स्कूटर ११० नाहीतर १२५ सीसीची आहे. म्हणजे अठरापर्यंत ती मुलाची गाडी नाही. अल्पवयीन मुलानं अपराध केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मंडळाच्या शाळेतून रोज सायकलनं येणारी मुलं अजूनही आहेत. त्यांचं काही बिघडलेलं नाही.

मोटारीत बसले की माझा सूर बदलतो, म्हणून मोटारवाल्यांचं शेवटी ठेवलं. डावीकडे वळण्याआधी डाव्या आरशात एकदा पाहा. तिथे नेहमी कुणीतरी असतोच, नसला तर तो तुमचा नशीबवान दिवस. दुचाकीला ओलांडताना तिला एका मोटारीइतकी जागा सोडा. ती खड्डा चुकवणार, कुत्रं चुकवणार, वाळूवरून घसरणार, आणि ती घसरली तर तुमच्या बॉनेटवर नाही, चाकाखाली येणार. मागे चालताना निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवा: ती विजेच्या खांबापाशी पोचली की ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणा, त्याआधी तुम्ही खांबापाशी पोचता कामा नये. फोनकडे तीन सेकंद पाहिलंत तर साठच्या वेगात पन्नास मीटर रस्ता न पाहता कापलात. नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर साठ म्हणजे उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणून तिथेच जास्त जपायचं. रात्री समोरून दुचाकी आली की डिपर द्या. तुमच्या झोतात तिच्या हेल्मेटची काच पांढरी होते आणि पुढचे चार क्षण तो माणूस आंधळा असतो. आणि पावसाळ्यात डबक्यातून सावकाश. हा नियम पुस्तकात असो नसो.

एखादा पडलेला दिसला तर थांबा. पोलिसांच्या लचांडाची भीती जुनी झाली. २०१९ पासून कायद्यात १३४-अ कलम आहे: मदत करणाऱ्याला कुणी जबाबदार धरू शकत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाही. १०८ ला फोन लावा, हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, गर्दी मागे सारा. २०२५ च्या मेपासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजनाही आहे. रुग्णालयात पोचल्यावर हे विचारायला विसरू नका. त्या कापडाच्या दुकानातल्या पोराला यातलं काहीच माहीत नसणार, तरी तो धावला.

हाड जुळल्यावर पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं हा प्रश्न आला. डबे, चाळण्या, कंगवे देऊन झाले होते. मी नंबर प्लेटवाल्याकडून पिवळ्या रेडियमचा एक गुंडाळा आणला आणि रात्री बसून कात्रीनं चार-चार बोटांच्या पट्ट्या कापल्या. बायका आधी बघतच राहिल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, हे कुठे लावायचं? कपाळाला?’ सगळ्या हसल्या, मीही हसले. हेल्मेटच्या मागे लावा म्हटलं, नाहीतर नातवाच्या सायकलला. काही जणींनी पर्समध्ये टाकल्या, त्या तिथेच राहिल्या असणार.

गेल्या महिन्यात रात्री आम्ही भिलाईहून परत येत होतो. हे गाडी चालवत होते. टाटीबंधच्या अलीकडे रस्त्यावरचे दिवे गेलेले, डावीकडे ट्रकांची रांग, पुढे काळोख. त्या काळोखात जमिनीपासून पाच-एक फुटांवर एकदम पिवळं काहीतरी चमकलं. यांनी पाय ब्रेककडे नेला, वेग उतरवला, मग शांतपणे उजवीकडून मोकळी जागा सोडून पुढे काढली. मी वळून पाहिलं. काळं जाकीट, काळी मोटरसायकल, आणि काकूंचा नातू. हेल्मेटवरच्या पट्टीचा एक कोपरा तिरका कापलेला होता.